एका आडनावाच्या दोघी

लॉन्ड्रीचं काचेचं दार धाडकन उघडलं आणि पावसाच्या सपकाऱ्याबरोबर एक तरुण आत आला. एका हातात मोडकी छत्री, दुसऱ्या हातात हँगर, आणि हँगरवर डाळिंबी रंगाचा, पायघोळ, बिनबाह्यांचा गाऊन.

"हा मला होणार नाही," तो धापा टाकत म्हणाला.

काउंटरमागे मनी कपड्यांना पट्ट्या टाचत होती. मनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डोळे घारे, चाल बिनआवाजाची, म्हणून लहानपणी मावशीनं पाडलेलं. लॉन्ड्रीही मावशीचीच. मनीनं एकदा गाऊनकडे पाहिलं, एकदा त्याच्या खांद्यांकडे.

"खांद्यात आवळेल," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "रंग मात्र खुलतोय तुम्हाला."

"अहो, थट्टा नका करू! अर्ध्या तासात मला स्टेजवर बसायचंय. माझा काळा कोट कुठाय?"

मनीनं गाऊनच्या आतली कापडी पट्टी उलटून पाहिली आणि जीभ चावली. कपड्यावर गिऱ्हाइकाच्या आडनावाची पट्टी टाचायची आणि एका आडनावाचे कपडे एका आकड्याला अडकवायचे, अशी त्यांच्याकडची रीत. पट्टीवर त्याचंच आडनाव होतं. अक्षर तिचं.

"आडनाव तर तुमचंच आहे… मिसेसचा असेल."

"मला मिसेस नाही."

"मग बहिणीचा?"

"बहीणही नाही." त्यानं गाऊन निरखून पाहिला. "पण गाऊन ओळखीचा आहे. आमच्या वाद्यवृंदात पियानो वाजवते ना, तिचा. आडनाव तेवढं सारखं… बाकी नात्याची ना गोत्याची."

"म्हणजे तुमचा कोट तिच्याकडे गेला."

"गेलाच. आणि तिचा काय नेम, घालून स्टेजवर जाईलसुद्धा!"

इस्त्रीच्या वाफेतून मावशीचा आवाज आला, "मने, बघत काय बसलीस? चूक आपली आहे. मोठी छत्री घे आणि पोचव गाऊन सभागृहात. आणि भिजला ना, तर तुलाच पिळून वाळत घालीन!"

एका छत्रीखाली दोघं निघाली. गाऊन कोरडा राहावा म्हणून तो मधे धरला, त्यामुळे दोघांचेही बाहेरचे खांदे भिजत राहिले. त्यानं सांगितलं की तो क्लॅरिनेट वाजवतो आणि मित्र त्याला फुंकर म्हणतात.

"फुंकर? म्हणजे चहावर मारतात ती?"

"चहावर, क्लॅरिनेटवर… कुणाच्या डोळ्यात काही गेलं, तर तिथंही."

"सध्या तरी माझ्या डोळ्यांत काही गेलेलं नाही," मनी समोर बघत म्हणाली. हे तितकंसं खरं नव्हतं.

सभागृहाच्या मागच्या दारानं ते आत शिरले. आरशांच्या खोलीत एक उंच बाई खिडकीपाशी उभी होती. केस वर बांधलेले, मान हंसासारखी, आणि उघड्या खांद्यांवर त्याचा काळा कोट सहज टाकलेला… जणू तो कोट तिथं रोजच असतो.

"आलास का रे फुंकऱ्या?" ती हसून म्हणाली. "म्हटलं, आज तू माझ्या गाऊनमध्ये वाजवणार!"

मनीच्या छातीत काहीतरी टोचलं. या माणसाला भेटून पुरता पाऊण तासही झाला नव्हता. त्याच्या कोटावर तिचा काय हक्क होता? पण टोचलं खरं. कुणाकुणाच्या बाबतीत प्रेम आधी येतं आणि मत्सर मागून. मनीच्या दारात मत्सर आधी येऊन बसला. प्रेमाला मग त्याच्या शेजारी जागा करून घ्यावी लागली.

*

पुढच्या महिन्याभरात फुंकरचा काळा कोट इतक्या वेळा धुवायला आला की मावशीला त्या कोटाची दया आली.

"अहो, झिजेल हो तो. कापड आहे, शहाबादी फरशी नाही!"

फुंकर कान लाल करून हसायचा आणि मनीकडे बघायचा. मनी पट्टी लिहायची. संध्याकाळी कोट आकड्याला जायचा, आणि त्या आकड्याला त्याच्या शेजारी, बाहीला खेटून, तो डाळिंबी गाऊन असायचाच. मनीला ते बघवेना. ती हळूच दोघांच्या मधे कोपऱ्यावरच्या दंतवैद्याचा रेनकोट अडकवायची.

"हा दातवाल्याचा कोट इथं काय करतोय ग?" मावशी विचारायची.

"चुकून राहिला असेल."

"रोज?"

मनी पुढची पट्टी लिहायला घ्यायची. मावशी हसू दाबत पुन्हा वाफेत दिसेनाशी व्हायची.

एके दुपारी फुंकर कोट घेऊन आला. मनीनं तो उलटापालटा करून पाहिला.

"हा स्वच्छ आहे. कालच नेलात."

"तरी असू दे. पट्टी लिहा."

तिनं लिहिली. लिहिताना तिची जीभ नेहमीसारखी ओठांच्या कोपऱ्यातून किंचित डोकावली. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

"एक विचारू?… हे आडनाव लिहायची तुमच्या हाताला आता चांगली सवय झालीय."

"झालीय. मग?"

"मग… स्वतःसाठी लिहायला काय हरकत आहे?"

मनीनं पट्टी खाली ठेवली. बोटात पिन टोचून घेतली, रक्ताचा थेंब आला, आणि त्यानं चटकन त्या बोटावर फुंकर घातली. आतून मावशी ओरडली, "हो म्हण ग, नाहीतर त्या कोटाचा जीव जाईल!"

*

लग्न साधंच झालं. आडनाव बदलायचं की नाही, यावर मात्र घरात बराच काथ्याकूट झाला.

"बदललंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?" मावशी म्हणाली. "मी नाही बदललं. तुझे काका काय पळून गेले?"

फुंकरनंही सांगितलं, तुला हवं तसं कर, मला दोन्हीत आनंद आहे. पण मनी हट्टानं म्हणाली, मला बदलायचंय. कारण विचारलं तर लाजली, आणि सगळ्यांनी त्या लाजण्याचा सोयीचा अर्थ लावला. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्या आकड्याला तिला आपला कपडा अडकवायचा होता.

सुरुवातीचे दिवस मोठे गोड गेले. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सकाळी उन्हाचा एक चौकोन पलंगावर. फुंकर क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची वेताची रीड भिजवायला तिच्याच चहाच्या कपात ठेवायचा, आणि ती ओरडली की म्हणायचा, "तुझ्या चहानं सूर गोड लागतो." ती त्याच्या शर्टांना अशी इस्त्री करायची की वाद्यवृंदातले लोक विचारायचे, हा शर्ट आहे की पुठ्ठा? 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवेना. ती वाफाळलेल्या आरशावर बोटानं नवं आडनाव लिहायची, तो मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून ते पुसून टाकायचा. मग ती पुन्हा लिहायची.

पहिला खडा लागला तो सभागृहाच्या मागच्या दारात. फुंकर घरी रुमाल विसरला होता, म्हणून मनी तो द्यायला गेली. दारवानानं तिला अडवलं. तिनं ताठ मानेनं आपलं नवं आडनाव सांगितलं.

"मिसेस तर कधीच आत गेल्या," दारवान म्हणाला. "पियानो लावून घेतायत." मग मनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तो प्रेमळपणे हसला. "तुम्ही साहेबांच्या बहीण वाटतं? चेहरा मिळतोय हो!"

मनीनं रुमाल त्याच्या हातात कोंबला आणि घरी आली. फुंकरला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"बहीण! अग, त्या दारवानाला वर्षानुवर्षं आम्ही नवरा-बायकोच वाटतोय. आम्ही सांगून सांगून दमलो."

"पुरते दमला नाहीत अजून," मनी म्हणाली आणि उशी घेऊन भिंतीकडे वळली.

पण कहर झाला तो पुढच्या आठवड्यात. फुंकर आणि पियानोवाली, दोघांचाच एक कार्यक्रम झाला. मनी पहिल्या रांगेत बसली होती. त्याचा सूर आणि तिची बोटं एकमेकांत अशी मिसळली होती की कोण कुठं संपतं ते कळेना. तो श्वास घ्यायला थांबला की तीही थांबायची. मनीनं हातातलं तिकीट चोळामोळा करून टाकलं. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात त्या कार्यक्रमावर लिहून आलं, आणि लिहिणाऱ्यानं, कुणाला काही न विचारता, दोघांचं एकच आडनाव बघून लिहून टाकलं: 'या सुरेल दांपत्याचा श्वासही एकच आहे. असे सहजीवन लाभणे हे भाग्यच.'

"वाचलंस?" फुंकर हसत हसत आत आला. "सगळ्या मंडळींनी कापून आरशाला चिकटवलंय. पियानोवाली म्हणते, चल, आता भाग्याची पार्टी दे!"

मनी शर्टाची कॉलर दाबत होती. इस्त्री तशीच राहिली आणि कॉलरवर तांबूस डाग उमटला. लॉन्ड्रीवालीच्या हातून असं कधी होत नाही.

"मी जुनं आडनाव परत घेणार आहे," ती म्हणाली.

त्याचं हसू तिथंच विरलं. "का?"

"तुमच्या त्या नावात फार गर्दी आहे. मला उभं राहायला जागा नाही."

"अग, पण… एका मूर्खानं काहीतरी छापलं म्हणून?"

"मूर्ख कसा? बरोबर कान आहेत त्याचे. मीही ऐकलं ना! माझ्याबरोबर घेतोस तू असा श्वास कधी? माझ्याशी बोलताना तुझा अर्धा श्वास ठसक्यात जातो!"

तो काहीतरी बोलायला गेला आणि खरोखरच त्याला ठसका लागला. एरवी दोघं हसली असती. आज मनीनं नुसता पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि ती जिना उतरून मावशीच्या दुकानात गेली.

*

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दार उघडलं आणि पियानोवालीच आत आली. हातावर डाळिंबी गाऊन.

"कॉफी सांडली," ती म्हणाली. "निघेल का?"

"निघेल," मनी गाऊनकडेच बघत म्हणाली. ती पट्टी घेऊन लिहायला लागली. पहिल्या अक्षरापाशीच हात अडला.

"लिही ना. तुझं तर आता पाठ असेल."

"तुमचं जन्मापासून पाठ असेल," मनीच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला ते आयतं मिळालं. बदलावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही…"

पियानोवालीनं हातमोजे काढले आणि काउंटरवर ठेवले.

"तुला कुणी सांगितलं हे माझं जन्माचं आहे म्हणून?"

मनीनं मान वर केली.

"मीही लग्न करूनच घेतलंय ते. तुझ्याच वयाची होते. माझा नवरा… म्हणजे होता तो… तुझ्या नवऱ्याशी त्याचा दूरचाही संबंध नाही. सारखी आडनावं काय, रस्त्यावर पडलेली असतात. तो गेला निघून, दुसऱ्या एकीबरोबर. जाताना त्याचे चार कोट नेले, पुस्तकं नेली, कुत्रा नेला. आडनाव न्यायचं राहिलं."

"मग तुम्ही… बदललं का नाही?"

"का बदलू? दहा-बारा वर्षं मी ते वाजवलंय ग. त्याला पियानोतलं पांढरं कळत नव्हतं की काळं. आता ते त्याचं राहिलेलंच नाही, माझं झालंय. तेव्हा हे आधीच सांगते हं, तू कितीही डोळे वटारलेस तरी मी सोडणार नाही."

 इतके महिने मनी जिच्यावर जळत होती, तिनंही कधीतरी हे आडनाव पहिल्यांदा लिहिलं होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जळायचंच असेल तर मी जळायला हवं," पियानोवाली म्हणाली. "लिहिताना तुझी जीभ अशी बाहेर येते ना… माझीही यायची. कपडे न्यायला आले की त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मी बघत असायचे, तुझ्या लक्षात नाही आलं. वाटायचं, उठून जावं आणि तुझ्या हातातनं पेन काढून घ्यावं."

 आतून वाफेची इस्त्री सुस्कारे टाकत होती. मावशीचं कान देऊन ऐकणं तर वाफेपेक्षाही स्पष्ट ऐकू येत होतं.

"पण तुमचा श्वास…" मनी पुटपुटली. "तो पेपरवाला म्हणतो ते खोटं नाही. तुम्ही थांबलात की तो थांबतो."

पियानोवाली मोकळेपणानं हसली.

"थांबतो ना. मी थांबले की थांबतो, मी निघाले की निघतो. गेली इतकी वर्षं माझ्यासाठी त्याचा एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही. ही काय प्रेमाची लक्षणं झाली? अग, दोन घड्याळं आहोत आम्ही, एका किल्लीवर चालणारी. पण परवा तू पहिल्या रांगेत बसली होतीस ना? दोनदा चुकला तो! दोनदा! मी मधे बोटं फिरवून झाकलं, म्हणून त्या पेपरवाल्याला कळलं नाही. खाली उतरल्यावर मी त्याला झापलं, काय रे, झोपला होतास का? तर म्हणतो कसा, 'ती बघत होती.'"

मनीचे कान तापले. तिनं घाईघाईनं पट्टीवर आडनाव पुरं केलं, आणि या वेळी पियानोवालीचं पहिलं नावही पुढे लिहिलं.

"दुकानात हे आधीच करायला हवं होतं," ती म्हणाली.

"आधी केलं असतंस तर तो तुला भेटला असता का?" पियानोवालीनं हातमोजे उचलले. दारापाशी ती वळली. "आणि त्या दातवाल्याच्या रेनकोटाला माझ्या गाऊनपासून लांब ठेव ग बाई. औषधाचा वास लागतो!"

आतून मावशीचं हसू फुटलं ते काही केल्या थांबेना.

*

मनी घरी पोचली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. फुंकर खिडकीत बसला होता, क्लॅरिनेट मांडीवर आडवं, केस विस्कटलेले. तिला बघून उठला.

"मी विचार केलाय," तो म्हणाला. वाक्य पाठ केल्यासारखं वाटत होतं. "तू घे तुझं जुनं आडनाव परत. माझी काही… तक्रार नाही. मीच जरा… म्हणजे, खरं सांगू?"

"सांग."

"मलाही त्याचा हेवा वाटतो."

"कशाचा?"

"तुझ्या जुन्या आडनावाचा. ती अख्खी गल्ली तुला अजून तेच म्हणते. तो दातवाला तर असं लाडानं म्हणतो, जणू काही त्याच्या तोंडात गोळी आहे! त्या नावाची तू मला कुठं माहीत आहेस? शाळेतली, पोरवयातली, रुसणारी, पडणारी… ती सगळी त्यांची. मला तू मिळालीस ती फार अलीकडची. म्हणून तू आरशावर माझं आडनाव लिहायचीस ना, तेव्हा वाटायचं… ही तरी माझी." तो ओशाळून हसला. "आहे मूर्खपणा. माहीत आहे मला."

 मनीनं खुर्ची ओढली, त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली, आणि हनुवटी हातावर टेकून बसली.

"वाजव," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. परवाचंच. पहिल्यापासून."

त्यानं रीड ओठांशी नेली. पहिले सूर शांत, गोल, स्वच्छ निघाले. ती बघत राहिली. त्याच्या मिटलेल्या पापण्या, फुगलेले गाल, बोटांची ये-जा. त्यानं मधेच डोळे उघडले. तिचे घारे डोळे तसेच त्याच्यावर… आणि सूर चिरकला.

"पुन्हा," मनी म्हणाली. चेहरा तिनं मास्तरणीसारखा ठेवला होता.

तो पुन्हा सुरू झाला. पुन्हा त्याच जागी घसरला, या वेळी आणखी वाईट, एखाद्या बदकाच्या शेपटीवर पाय पडावा तसा.

"तू अशी बघू नकोस ना!"

"कशी?"

"अशी… मला श्वासच पुरत नाही."

मनीला इतका आनंद झाला की ती खळखळून हसली. त्याला वाटलं ही आपल्याला हसतेय, म्हणून तो रुसला. मग तिनं खुर्चीतून पुढे वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ते इथं लिहिण्याजोगं नाही. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं तिसऱ्यांदा क्लॅरिनेट उचललं, आणि या खेपेला जो आवाज निघाला तो वाद्याचा होता असं शपथेवर सांगता येणार नाही.

खालच्या मजल्यावरची खिडकी फटकन उघडली. तिथं एक आजोबा राहत. एकटे, कडक, दुपारच्या झोपेतून उशिरा उठणारे.

"अहो मिसेस!" आजोबांचा आवाज वर आला, आणि पुढे त्यांनी आडनाव घेतलं, सगळं, खणखणीत. "नवऱ्याला आवरा जरा! काय डुक्कर कापताय का वर?"

लग्नाला इतके महिने झाले होते. या आडनावानं हाक आली की मनीची नजर आधी दाराकडे जायची, ती दुसरी कुठं उभी आहे ते शोधायला. आज ती ताडकन उठली, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि केस सावरत म्हणाली,

"आवरते हं आजोबा! माझी चूक. मी बघत होते."

खिडकी लावून ती वळली. फुंकर अजून क्लॅरिनेट धरून, तोंड उघडं ठेवून उभा होता.

"कुणाला हाक मारली त्यांनी?" त्यानं हळूच विचारलं.

"मला," मनी म्हणाली आणि पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसली. "तू वाजव."